सात नंबरचा डबा

घरचे सगळे सलालाला गेले, धुक्यात.
खलफानसाहेबांनी किल्ली हातात ठेवली
आणि अंगणाकडे बोट करून म्हणाले,
मुनाफ, गवत.
एवढंच.

गवताचं नाव बर्म्युडा. कागदावर तसंच आहे.
मी पहिल्याच दिवशी ओळखली: हरळी.
आमच्या दाभोळला ती उपटायला गडी लावतात,
इथे ती जगवायला
मला विमानाने आणलंय.

सोहारचा जुलै. टाकीतलं पाणी
दुपारी चहाला चालेल असं.
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम करायचं नाही, कायदाच आहे.
तेव्हा मी गॅरेजच्या सावलीत फिल्टर उघडून बसतो,
चकत्या सुट्या करतो, जुन्या टूथब्रशने घासतो.
वाळू निघते, शेवाळ निघतं, एकदा
मुंगळ्याचं डोकं निघालं, नुसतं डोकं.
नोझल व्हिनेगरमध्ये. क्षार फेसाळतो, मग सुटतो.
भोकात सुई घालायची नाही, भोक मोठं होतं,
हे मी शिबूकडून शिकलो
आणि शिबू तीन नोझल वाया घालवून.

भिंतीवरच्या पेटीतली बॅटरी मेली
आणि वीज गेली, की पेटी सगळं विसरते,
भर दुपारी पाणी सोडते,
गवत शिजतं अळवासारखं.
म्हणून नवी बॅटरी आधी जिभेला लावून बघतो.
चुरचुरली तर चांगली.

पण कुठे किती पाणी पडतं ते डोळ्यांना कळत नाही.
त्याला डबे लागतात.
ट्यूनाचे, रिकामे, एकाच मापाचे बारा
मी हिरवळीवर मांडले, पंगत बसवावी तसे,
आणि पहाटे चारच्या पाळीनंतर
मोडक्या पट्टीने मोजत गेलो:
नऊ मिलिमीटर, नऊ, दहा, आठ, नऊ, नऊ,
सातवा कोरडा.

सातव्याजवळचं डोकं उपसलं.
रबर साफ, स्प्रिंग साफ. अर्धा फेरा डावीकडे दिला.
दुसऱ्या दिवशी कोरडा.
नोझल बदललं. कोरडा.
व्हॉल्व्हच्या पेटीत हात घातला, आत पाल होती,
तिला उठवलं, तारा सोलून पुन्हा जोडल्या.
कोरडा,
आणि आतून कसा लख्ख.

त्याच दुपारी साहेबांचा फोन, मागे पोरांचा कल्ला.
हिरवं आहे ना? फोटो पाठव.
फोटो काढला. कोपऱ्यात माझ्या चपला आल्या होत्या,
तेवढ्या कापून पाठवला.
अंगठा आला.

रात्री मग झोपलोच नाही.
पायरीवर बसलो, पाठीला भिंत, भिंत अजून गरम.
चारला पेटीत टिक् झालं,
जमिनीखाली हवा खोकली,
माना वर आल्या
आणि पाणी फिरायला लागलं
रिकाम्या खिडक्यांसमोर, अगदी नेमाने.

पाणी थांबल्यावर
कुंपणाच्या फटीतून एक मांजर आली,
वाळूच्या रंगाची, कान फाटका, ओटी दुधाने लोंबलेली.
अकरा डबे ओलांडून सरळ सातव्यापाशी.
अकरा मी साबणाने धुतले होते.
सातव्याच्या वेळी साबण संपला होता.
ती प्यायली, तळ चाटला, कडा चाटल्या,
मग परत मधोमध चाटलं, काही राहिलं असेल म्हणून.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वहीत लिहिलं: सात नंबर, नऊ मिलिमीटर.
न मोजता लिहिलेला तेवढा एकच आकडा.

आणि आता तो डावीकडचा अर्धा फेरा
परत उजवीकडे द्यायला हवा.
तिथली हरळी फारच माजलीय.